चोरखिसा, चोरदिंडी आणि मोटारीचे चोरबटण

मराठी भाषेची एक मौज आहे. जी वस्तू चोराच्या हाती काही लागू नये म्हणून आपण मुद्दाम करवून घेतो, तिलाच ती चोराचे नाव देते. बंडीच्या आतल्या अंगास शिवलेला तो चोरखिसा, कपाटाच्या पाठीशी केलेला तो चोरकप्पा, रायगडाच्या तटबंदीतून गुपचूप बाहेर पडण्याची ती चोरदिंडी. नावे सारी चोराची, कामे मात्र धन्याची. आमच्या इंदूरचे मोटार-मिस्त्री याच चालीवर एका लहानशा कळीला ‘चोर स्विच’ म्हणतात. मोटारीत कोठेतरी, परक्याच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, एक बटण बसवावयाचे. ते बंद असले म्हणजे किल्ली फिरवूनही इंजिन सुरू होऊ नये, एवढाच त्याचा उद्देश. या लेखात आम्ही त्याला चोरबटण म्हणू.

कौटुंबिक साप्ताहिकात हा गॅरेजातला विषय कशाला, असे एखादे वाचक विचारतील. त्याचे कारण असे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही आवारात उभे असता आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची मोटार रात्रीतून नाहीशी झाल्याची वार्ता कानी आली. मोटार लहान आणि बरीच जुनी. बाजारात नेली असती तर तिला फारसे मोल आले नसते. परंतु त्या घरातील आजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नेणारी तीच होती. आजी आवारातील बाकावर बसल्या होत्या आणि येणारा प्रत्येकजण त्यांना “कुलूप लावले होते ना?” असे विचारत होता. त्या बिचाऱ्या “हो बाळा, लावले होते,” असे प्रत्येकास सांगत होत्या. त्या दिवशी घरी परतल्यावर आम्ही या विषयात लक्ष घातले. त्यातून जे कळले, आणि त्याच्या नादात आमच्या हातून जे घडले, ते दोन्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इंदूरला मोटारींचे वेड नवे नाही. दुसरे यशवंतराव होळकर महाराज यांनी १९३०च्या दशकात जर्मन वास्तुकार एकार्ट म्यूटेझिउस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा उभारून घेतला, आणि त्याच काळात जगातील नामांकित मोटारीही जमवल्या. त्यांत अमेरिकेत घडलेली एक ड्यूसेनबर्ग होती; तिच्यावरचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग यांच्या कारखान्यात चढवलेला. अशा मोटारीला कुलूप नसते तरी चालले असते, कारण चोर ती घेऊन जाणार कोठे? माळव्यातल्या पोराटोरांनीही ती ओळखली असती. आपल्या मोटारींना ते भाग्य नाही. एकाच रंगाच्या, एकाच घडणीच्या सहस्रावधी मोटारी रस्त्यावर फिरत असता त्यांतली आपली कोणती हे आपल्यालाच क्षणभर थांबून पाहावे लागते. ओळख हे वस्तूचे सर्वांत जुने कुलूप आहे. ते सैल झाले म्हणून इतर कुलपे शोधावी लागली.

एके काळी मोटार सुरू करणे हेच कष्टाचे काम होते. समोरून हँडल घालून इंजिन फिरवावे लागे, आणि हँडलाने उलट झटका दिला तर मनगट मोडे. १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसू लागला. आपल्याकडे त्याला ‘सेल्फ’ म्हणतात. पुढे १९४९ साली क्रायस्लर कंपनीने किल्ली फिरवताच सेल्फ लागावा अशी सोय केली. आमच्या जवळच्या पिथमपूरच्या कारखान्यातून १९८०च्या दशकात कायनेटिक होंडा ही स्कूटर बाहेर पडू लागली, आणि लाथ मारण्याऐवजी बटण दाबून सुरू होणारे वाहन मध्यमवर्गाच्या दारी आले. सोय धन्याची झाली. परंतु जे काम धन्याला सोपे झाले ते चोरालाही सोपे झाले.

हे कसे, ते समजून घेणे कठीण नाही. बॅटरीपासून एक जाड तार सेल्फपर्यंत जाते. इंजिन फिरवताना तिच्यातून शंभर अँपिअरहून अधिक वीज वाहू शकते. एवढी वीज किल्लीच्या नाजूक कुलपातून नेणे शक्य नसते. म्हणून किल्ली फक्त एका बारीक तारेवाटे निरोप धाडते, आणि तो निरोप पोहोचला की सेल्फवरील सोलेनॉइड जाड तारेची जोडणी करून देतो. जुन्या मोटारीत हा निरोप धन्याचा की परक्याचा हे पारखणारे कोणी नसते. कुलूप मोडून निरोप धाडला तरी सेल्फ बिनतक्रार फिरतो. चोरबटण या निरोपाला वाटेतच अडवते. बारीक तार मध्ये कापून तिची दोन टोके बटणाला जोडली की बटण चालू असेपर्यंत निरोप जातो, बंद असेल तेव्हा जात नाही. चोर काच फोडून आत बसतो, कुलूप मोडतो आणि इंजिन मुके राहते. बिघाड कोठे आहे हे शोधण्यास त्याला वेळ लागतो, आणि वेळ हीच चोराजवळ सर्वांत कमी असलेली वस्तू होय.

बटण कोठे बसवावे यासंबंधी मिस्त्रीलोकांत मतभेद आहेत. सेल्फच्या बारीक तारेत बसवले तर त्याचा अंमल इंजिन सुरू होण्यापूर्वीच काय तो चालतो. वाटेत बटण बिघडले तरी चालती मोटार बंद पडत नाही. उणीव एवढीच की हाताने गियर बदलण्याची मोटार ढकलून सुरू करता येते, आणि चोर दोघे-तिघे असतील तर हा उपाय तोकडा पडतो. पेट्रोलच्या पंपाच्या रिलेला बटण जोडले तर ही पळवाट बुजते. परंतु तेथील जोड सैल झाला तर मानपूरच्या पुढे घाट उतरताना इंजिन बंद पडण्याचा धोका असतो, आणि इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते व ब्रेकला मिळणारी मदतही थोड्याच वेळात संपते. चोरापासून मोटार वाचवताना आतली माणसे गमावण्यात शहाणपण नाही. म्हणून काम जाणत्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडूनच करवून घ्यावे. तार पुरेशी जाड असावी, वाटेत फ्यूज असावा, जोड झाळलेले आणि वर नळी चढवलेले असावेत, आणि बटण पावसाच्या पाण्यापासून दूर असावे. नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळलेल्या तारेने पुढे आगही लागू शकते. एअरबॅगच्या आणि ब्रेकच्या तारांना तर हातही लावू नये.

हे सारे जुन्या मोटारींविषयी झाले. नव्या मोटारीत कारखान्यातूनच ‘इमोबिलायझर’ नावाची व्यवस्था येते. किल्लीच्या मुठीत एक चिमुकली चिप असते. मोटार तिला खूण विचारते, आणि खूण पटली नाही तर इंजिन चालू होऊ देत नाही. म्हणजे निरोप कोणाचा हे पारखणारा द्वारपालच आता मोटारीत बसला. युरोपात १९९८ साली आणि कॅनडात २००७ साली नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. त्यामुळे किआ आणि ह्युंदाई या कंपन्यांच्या, साध्या किल्लीने सुरू होणाऱ्या अनेक मोटारी तेथे इमोबिलायझरविना विकल्या गेल्या. २०२१च्या सुमारास त्या पळवण्याची रीत पोरसवदा मुलांनी चित्रफितींतून एकमेकांस शिकवली आणि शहरोशहरी चोऱ्यांची लाट आली. शेवटी २०२३ साली सुमारे ८३ लाख मोटारींसाठी सुधारित संगणकप्रणाली देण्याची घोषणा या कंपन्यांना करावी लागली. सीमेपलीकडे कॅनडात त्याच कंपन्यांच्या मोटारी होत्या, पण त्यांत द्वारपाल बसलेला असल्याने ही युक्ती तेथे चालली नाही. तेव्हा ज्यांच्या मोटारीत इमोबिलायझर आहे त्यांनी तारा कापण्याच्या भरीस पडू नये. त्याने कंपनीची हमी धोक्यात येते, आणि लाभ थोडाच. विमा कंपन्या चोरीप्रतिबंधक यंत्रासाठी हप्त्यात जी अल्पशी सूट देतात, तीही पुण्याच्या ‘एआरएआय’ संस्थेने मान्य केलेल्या यंत्रालाच मिळते. घरगुती चोरबटणाला मिळत नाही.

येथपर्यंत विषय यंत्राचा होता. आता जो भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटला तो सांगतो. स्टिअरिंगला अडकवण्याचा लोखंडी दांडा पुष्कळांनी पाहिला असेल. तो दुरून दिसतो, आणि दिसावा हाच त्याचा गुण. परंतु तो दिसताच चोर काय करतो? बहुधा तो घरी जाऊन झोपत नाही, शेजारच्या मोटारीकडे वळतो. म्हणजे आपला दांडा चोराला जणू सांगतो की, बाबा, येथे त्रास आहे, तू पलीकडच्या घरी जा. आपली मोटार वाचते आणि शेजाऱ्याची जाते. यात गुन्हा नाही, पण शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी ही आज्ञा ज्यांनी ऐकली आहे त्यांनी क्षणभर थांबून विचार करावा असे यात काहीतरी आहे.

गुप्त उपायाचे असे होत नाही. इयन आयर्स आणि स्टीव्हन लेविट या दोन अमेरिकन विद्वानांनी १९९८ साली याविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोटारीत दडवलेला एक बिनतारी संदेश-यंत्राचा प्रकार तेथील काही शहरांत विकला जात होता. मोटार चोरीस गेली की पोलीस त्याच्या संदेशावरून माग काढीत. ते यंत्र कोणत्या मोटारीत आहे हे बाहेरून कळत नसे. ज्या शहरांत अशी यंत्रे वाढली तेथे ती न घेणाऱ्यांच्याही मोटारींच्या चोऱ्या कमी झाल्या, असे त्यांना आढळले. पैसे एकाने मोजले आणि लाभाचा मोठा वाटा इतरांच्या पदरी पडला! कोणत्या मोटारीत सापळा आहे हे न कळल्याने चोराला सर्वच मोटारींचा धाक वाटू लागतो. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात दानधर्म गाजावाजा न करता करण्यास शिकवले, आणि आपल्याकडेही गुप्तदानाची थोरवी जुनी आहे. न दिसणारे कुलूप हे या अर्थी गुप्तदानच होय. ज्याला त्याचा लाभ झाला त्याला दात्याचे नाव ठाऊक नसते. अर्थात संदेश-यंत्र पोलिसांना चोराच्या अड्ड्यापर्यंत नेते, बटण तसे नेत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आणि एका घरी बटण असून गल्लीला धाक बसणार नाही. दहा घरी असले तर कदाचित बसेल.

हे वाचून आम्ही भारावून गेलो आणि ऑक्टोबरात आमच्या जुन्या मोटारीला चोरबटण बसवून घेतले. एका गॅरेजातील वीस-बावीस वर्षांच्या मुलाने ते काम केले. बटणाची जागा तिघांनाच ठाऊक: आम्ही, आमच्या पत्नी आणि तो मुलगा. आता पुढची हकीकत सांगताना संकोच वाटतो. परंतु जे पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूंच्या कानी घातले, ते वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही.

डिसेंबरात, आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री दोनच्या सुमारास आमच्या मातोश्रींना दम्याचा जोराचा झटका आला. आम्ही त्यांना शालीत गुंडाळून मोटारीत बसवले, अंधारात हात घालून नेहमीप्रमाणे बटण फिरवले आणि किल्ली लावली. दिवे लागले, सेल्फ मात्र बोलेना. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच. बटण परत उलट फिरवून पाहावे एवढेही भान उरले नाही. मातोश्रींच्या छातीतील घरघर तेवढी ऐकू येत होती. आमची धावपळ ऐकून समोरच्या घरातील बोहरी गृहस्थ तसेच अनवाणी बाहेर आले, काही न विचारता त्यांनी आपली मोटार काढली, आणि दहा मिनिटांत आम्ही इस्पितळात पोहोचलो. उपचार वेळेवर मिळाले. त्या रात्री आम्हांला तारले ते कोणत्याही बटणाने नव्हे, शेजाऱ्याने.

त्याबद्दल देवाचे आभार मानून स्वस्थ बसावयाचे; पण इस्पितळाच्या बाकावर बसल्या बसल्या आमच्या मनात भलतेच विचार येऊ लागले. बटणाची जागा त्या मुलाला ठाऊक आहे. पुन्हा काम मिळावे म्हणून त्याने जोड कच्चा ठेवला असेल. कदाचित त्याहून वाईट काही असेल. उजाडेपर्यंत संशयाचा निश्चय झाला. सकाळी आम्ही गॅरेजात गेलो आणि मालक व चार गिऱ्हाइकांच्या देखत त्या मुलाला नको ते बोललो. ‘चोर’ हा शब्दही उच्चारला.

मुलाने उत्तर दिले नाही. तपासणीचा दिवा घेऊन तो आमच्या मागोमाग घरी आला, खाली वाकला, बटण फिरवले आणि किल्ली लावली. पहिल्याच झटक्यास इंजिन सुरू झाले. मग त्याने आपल्या माळवी हिंदीत शांतपणे विचारले, “बाबूजी, काल संध्याकाळी गाडी कोणी लावली होती?” आमच्या पत्नी नाताळच्या गीतांच्या तालमीहून आल्या होत्या आणि घाईत बटण बंद करण्यास विसरल्या होत्या. ते चालूच होते. अंधारात आम्हीच ते फिरवून बंद केले. म्हणजे ज्या वेळी मोटार राखावयाची त्या वेळी दार उघडे होते, आणि ज्या घटकेला ते उघडे असावयास हवे होते, त्या घटकेला आम्ही आपल्या हाताने लावून घेतले.

जाताना तो मुलगा जे बोलला ते अजून कानात आहे. तो म्हणाला, “बाबूजी, हे काम मला आवडत नाही. बटण सगळ्या जगापासून लपवता येईल, पण मीच बसवलेलं असल्यामुळे माझ्यापासून लपणार नाही. मग उद्या काही झालं की पहिलं नाव माझंच येणार.”

त्याची क्षमा मागण्यास त्याच वेळी आमचे तोंड उघडले नाही. पुरता एक दिवस गेला. ज्या इंदूर धर्मप्रांतात आम्ही राहतो, तेथेच धन्यवादित सिस्टर राणी मारिया गोरगरिबांची सेवा करीत होत्या, आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. हत्या करणाऱ्यास त्यांच्या कुटुंबीयांनी क्षमा केली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, त्याला राखी बांधून भाऊ मानले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी राणी मारियांना इंदूर येथेच धन्यवादित घोषित करण्यात आले. तेथे प्राणाची हानी सोसलेल्यांनी क्षमा दिली. येथे हानी आमच्या हातून झाली होती, आणि नुसती क्षमा मागावयाची तरी आमची जीभ जड झाली! दुसऱ्या दिवशी आम्ही गॅरेजात गेलो आणि ज्या मालकासमोर बोललो होतो त्याच्याचसमोर हात जोडले. मुलाने शेजारच्या टपरीवरून चहा मागवला. मग त्याने आमचे बटण बदलून असे बसवले की ते चालू आहे की बंद, हे अंधारात बोटालाही कळावे.

या अनुभवातून आम्ही घरापुरते काही नियम केले. इंजिन बंद करील त्यानेच बटणही बंद करावयाचे. ते काम दुसऱ्यावर सोपवावयाचे नाही. मोटार चालवणाऱ्या घरातील प्रत्येकास बटण ठाऊक असावे, आणि घराबाहेर त्याचा उल्लेखही होऊ नये. पाहुण्यांना कौतुकाने दाखवलेले गुपित हे गुपित राहत नाही. दुरुस्तीस मोटार देताना बटण चालू ठेवूनच द्यावी. मोटार सुरू झाली नाही तर प्रथम आपला हात तपासावा, मग बॅटरी, मग तार. माणसावर संशय घेणे हे सर्वांत शेवटी, आणि तेही पुराव्यावाचून नाही. घरातील मोलकरीण, मोटारचालक, गॅरेजातला मुलगा यांच्यापाशी आपली गुपिते असतात, कारण त्यांच्या श्रमावाचून आपले चालत नाही. ज्याच्या हाती आपण किल्ली दिली, त्याच्या अब्रूची किल्ली आपल्या हाती येते. तीही तितक्याच काळजीने सांभाळावयास हवी.

इतकी दक्षता घेऊनही चोरी झालीच तर काय करावे, तेही सांगून ठेवतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार चोरीची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तीवर सही करावी लागते. खबर देण्यास विलंब करू नये, आणि विमा कंपनीसही त्याच दिवशी कळवावे. पोलिसांत वेळेवर खबर दिली असता केवळ विमा कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा फेटाळता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे. पण त्या आशेवर स्वस्थ बसू नये. दोन्ही किल्ल्या जपून ठेवाव्यात, कारण दाव्याच्या वेळी कंपनी त्या मागते. इंजिन व चासीचे क्रमांक घरी वेगळे लिहून ठेवावेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी जुन्या वाहनासही लावून घ्यावी. ती एकदा काढली की तिचे कुलूप पुन्हा बसत नाही.

चोर कोठून जन्माला येतो, याचाही विचार करावयास हवा. जुनी लहान मोटार पळवून चोर तीत बसून हवा खाण्यास जात नाही. ती मोडली जाते आणि तिचे सुटे भाग विकले जातात. ते घेतो कोण? निम्म्या किमतीत आरसा, दिवा किंवा गियरबॉक्स मिळाला म्हणून आनंदित होणारे आपल्यासारखेच सज्जन. सातवी आज्ञा नुसती चोरापुरती नाही, चोराचा माल घेणाऱ्यासही ती बांधते; आणि भारतीय न्याय संहितेतही चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. बिलावाचून भाग घ्यावयाचा नाही एवढा निश्चय आपण केला, तरी ते एक चोरबटणच झाले. ते थेट बाजाराच्या तारेत बसते.

आणि शेवटी शेजार. इंदूरचा सराफा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यापार चालतो आणि रात्री त्याच दुकानांच्या ओट्यांपुढे जिलबी, गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाणाऱ्यांची गर्दी लोटते. खाऊवाल्यांच्या वर्दळीने दुकानांची राखण होते, म्हणून सराफांनी हा बाजार आनंदाने चालू दिला, असे जुने लोक सांगतात. सोन्याचे सर्वांत चांगले कुलूप म्हणजे जागे असलेले शेजारी. चोर कोणत्या प्रहरी येणार हे घरधन्यास ठाऊक नसते, म्हणून जागृत असा, असे प्रभूनेही सांगितले. आणि त्याच प्रभूच्या शेजारी क्रुसावर टांगलेला एक चोर त्याच दिवशी सुखलोकात गेला. तेव्हा मोटार जरूर कुलपात ठेवावी, पण चोरालाही प्रार्थनेतून वगळू नये.

त्या आजींची मोटार अद्याप सापडलेली नाही. परंतु आमच्या धर्मग्रामातील चार घरांनी वार वाटून घेतले आहेत आणि त्यांचा डायलिसिस एकदाही चुकलेला नाही. गुरुवार आमच्याकडे असतो. निघताना आम्ही बटण चालू करतो, परतल्यावर बंद करतो, आणि दोन्ही वेळी त्या मुलाची आठवण होते.